शमशादभाभींच्या ताटातला तुकडा

चौतीस वर्षं मी एकाच कंपनीत नोकरी केली आणि माझ्या सख्ख्या नणंदेला अजून वाटतं की मी वायरी विकत होते. लग्नकार्यात ओळख करून देताना ती म्हणते, "ह्या आमच्या वहिनी. कॉम्प्युटरच्या वायरींचं बघायच्या." पहिली दहा वर्षं मी तिला दुरुस्त केलं. नंतर नाद सोडला, कारण नीट समजावायला गेलं तर पंगत उठते. या अंकाच्या संपादकांनी मात्र "सविस्तर लिहा, पानं आहेत" असं सांगितलंय, तेव्हा आता वाचकांची सुटका नाही.

राजारामपुरीत एका दातांच्या दवाखान्याच्या वरती आमची कंपनी होती. कंपनी म्हणजे तीन खोल्या, सहा माणसं आणि मालक जयसिंगदादा. दादांच्या जिभेला हाड नव्हतं. आधी ते यंत्र विकून यायचे आणि मग आम्ही ते बनवायचो, असा आमचा क्रम होता. भाताची ओल मोजणारं, ओतकामातली चीर शोधणारं, असली लहान यंत्रं आम्ही करायचो. यंत्र आणि संगणक यांच्यामधे जी चिप असते, तिला वळण लावणं हे माझं काम. गिऱ्हाइकाकडं गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "सायेब कुठं हायत?" मी म्हणायचे, "साहेब मीच." मग ते माझ्या पाठीमागं गाडीकडं बघायचे, अजून कोण उतरतंय का म्हणून.

ही चिप म्हणजे नखाएवढा काळा चौकोन. यूएसबीची वायर खुपसली की ती जागी होते, आणि जागी होते तेव्हा तिला काहीही येत नसतं. तिच्या शेजारी एक चिमुकली मेमरी बसवलेली असते. चिप आधी तिथला पहिला आकडा वाचते. एक आकडा असला तर त्याचा अर्थ, सगळा प्रोग्राम इथंच आहे, वाच आणि कामाला लाग. दुसरा असला तर अर्थ असा, की इथं तुझं फक्त नाव आहे, प्रोग्राम संगणकाकडं माग. मग संगणक आपल्याकडची फाईल शोधतो, तो प्रोग्राम चिपमधे ओततो, आणि चिप एकदा स्वतःच संबंध तोडून नव्या नावानं परत जोडली जाते. या प्रोग्रामला फर्मवेअर म्हणतात. आपल्याकडं नवरीचं नाव तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहून बदलतात, तसाच हा प्रकार. फरक एवढाच, की वायर उपसली की चिपला माहेरचं नाव परत मिळतं.

यातली कुठली पद्धत घ्यायची यावरून माझी आणि दादांची कायम जुंपायची. माझं म्हणणं, प्रोग्राम यंत्रातच ठेवा. दादांचं म्हणणं, संगणकात ठेवा, म्हणजे उद्या काही बदलायचं झालं तर नुसती फाईल बदलली की झालं. एकदा शाहूवाडीहून एका भातगिरणीवाल्यांचा फोन आला, "तुमचं मशिन वारलं." मी घाट चढून गेले. यंत्र ठणठणीत होतं. गिरणीवाल्यांनी पोरीच्या लग्नाचा व्हिडिओ ठेवायला जागा हवी म्हणून संगणकातल्या "बिनकामाच्या" फायली पुसल्या होत्या, त्यात आमची गेली होती. यंत्राला बिचाऱ्याला आपण कोण तेच आठवेना. मी फाईल घातली, यंत्र चालू झालं, आणि त्यांनी मला बसवून अख्खं लग्न दाखवलं. दादांनी यावरून बोध काय घ्यावा? "बघा, संगणकात ठेवलं म्हणून लगेच दुरुस्त झालं की न्हाय!"

दुसरी गोष्ट, माहिती पाठवायची पद्धत. हिच्याशिवाय पुढचं कळणार नाही, म्हणून थोडा धीर धरा. एका पद्धतीत पाठवलेलं सगळं पोचतंच. चुकलं तर परत पाठवलं जातं, फक्त कधी पोचेल याची हमी नसते. दुसऱ्या पद्धतीत वेळ पक्की. ठरल्या क्षणी माहिती निघणार म्हणजे निघणार, घेणारा तेव्हा दुसरीकडं गुंतलेला असला तर तेवढी गळाली, तिचं नाव कोणी काढायचं नाही. गाणं किंवा चालतं चित्र पाठवायला ही दुसरी पद्धत बरी, कारण त्यात कणभर गळलं तर कोणाला कळत नाही. मोजमाप करायचं असेल तर पहिली. हे आमच्या धंद्यातलं पहिलीच्या पुस्तकातलं ज्ञान आहे, आणि मला ते येत होतं, हे ध्यानात ठेवा.

आजऱ्याच्या एका काजू कारखान्याचं काम दादा घेऊन आले. मालकांना सगळे अण्णा म्हणत. अण्णांकडं चाळीसेक बायका टेबलांवर बसून काजूगराची साल काढायच्या. हलक्या हातानं काढली तर आख्खा गर मिळतो, जरा जोर झाला की तुकडा. आख्ख्याला मान, तुकड्याला नाही. अण्णांना हवं होतं असं यंत्र, की प्रत्येक बाईचं ताट त्यावर ओतलं की तिनं किती आख्खे दिले आणि किती फोडले ते तिच्या नावासकट कळावं. काळा सरकता पट्टा, वर कॅमेरा, कॅमेऱ्यातून काजूचं चित्र बारीक आडव्या पट्ट्यांनी संगणकात जाणार आणि संगणक मोजणार. आख्खे आणि तुकडे वेगळे पाडायची सोय "पुढच्या टप्प्यात" होती. दादांची यंत्रं कायम पुढच्या टप्प्यात पूर्ण होत. तोवर मोजलेलं ताट पट्ट्याच्या टोकाला एकाच ढिगात पडायचं.

मी पहिली पद्धत लावली होती. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दादा बघायला आले. अण्णांनी कारकुनाच्या टेबलावरचा जुना संगणक दिलेला, त्यावर चित्र मधूनच अडखळायचं. दादा म्हणाले, "मॅडम, उद्या पाहुणं येणार, नारळ फुटणार, आनि चित्र असं उचकी लागल्यागत? काय म्हणतील?"

"मोजणी बरोबर येतीय दादा."

"मोजणी कोण बघतंय? चित्र बघतेत!"

मी थकले होते. फाईल बदलली, दुसरी पद्धत लावली. चित्र लोण्यासारखं सरकायला लागलं. गळलेल्या पट्टीच्या जागी काय दाखवायचं, यासाठी एक ओळ लिहिली: काळं. पट्टाही काळाच, म्हणजे डोळ्यांना खुपणार नाही. मला तेव्हा ती ओळ फार हुशारीची वाटली होती. नारळ फुटला, यंत्राला लिंबू-मिरची बांधली गेली, पाहुण्यांनी चित्राचं कौतुक केलं आणि आम्ही पेढे खाऊन घरी आलो.

दोन-तीन आठवड्यांनी अण्णांचा फोन. मला वाटलं तक्रार असेल. तर आवाजात साखर. "मॅडम, मशिन एक नंबर हाय. एकच काम करा. मशिन चुकत न्हाय असं तेवढं लिवून द्या कंपनीच्या कागदावर."

मी विचारलं, "कशाला?"

"एक बाई हाय, लई तोंडाची. तिला टेबलावरनं उठवायची हाय."

ती बाई म्हणजे शमशादभाभी. मी आजऱ्याला गेले तेव्हा पहिल्यांदा त्यांचं नाव वाचलं ते भिंतीवर. अण्णांनी खिळा मारून एक यादी टांगली होती, रोजची, कोणाचा तुकडा किती. सगळ्यात वर, लाल शाईत: शमशाद. वीस वर्षं त्या तिथं साल काढत होत्या. नव्या बायकांना बोटं कशी ठेवायची हे त्याच शिकवत. पंखे लावा, असं बायकांच्या वतीनं अण्णांना सांगायला गेल्या होत्या त्याही त्याच. आता टेबलावरून उठवून त्यांना पोत्यात टरफलं भरायला बसवणार होते. ज्यांना त्यांनी शिकवलं त्यांच्यासमोर.

त्या माझ्यापुढं उभ्या राहिल्या. बुटक्या, चष्म्याला दोरी, बोटांवर चिकाचे काळे डाग. म्हणाल्या, "तुमीच बनवलंय व्हय मशिन?"

"हो."

"मग बसा हितं. तुमच्यासमोर एक ताट सोलते. आधी हातानं मोजा, मग तुमच्या मशिनीत घाला."

अण्णा म्हणाले, "मशिन असताना हातानं कशाला मोजायचं?" वाक्य इतकं पक्कं होतं की क्षणभर मलाही पटलं. यंत्र बसल्यापासून कोणीच एकही ताट हातानं मोजलेलं नव्हतं.

भाभींनी ताट सोललं. मी हातानं मोजलं. तुकडे चार. ताट यंत्रावर ओतलं. अण्णा संगणकासमोर खुर्चीत बसून होते. आकडा आला बावीस.

"बघा," अण्णा म्हणाले.

तेवढ्यात अण्णांना कोणीतरी बाहेर बोलावलं. जाताना त्यांनी संगणकावर काहीतरी बंद केलं. मी तेच ताट परत ओतलं. चार. परत ओतलं. चार. अण्णा आले, खुर्चीत बसले, माउसवर दोनदा टिचकी मारली. ओतलं. एकोणीस.

शमशादभाभी शांतपणे म्हणाल्या, "अण्णा खुर्चीत बसलं की फुटतंय."

टेबलावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. अण्णा भडकले, "म्हंजी मी फोडतो व्हय?"

मी यंत्रानं साठवलेली चित्रं उघडली. यंत्रानं "तुकडा" म्हणून मोजलेला एकेक गर मोठा करून बघितला. भाभी माझ्या खांद्यावरून वाकल्या. चष्मा वर करून, स्क्रीनला बोट लावून म्हणाल्या, "ह्यो फुटलेला न्हाय. काजू उभा उकलतो, दोन पाकळ्या हुतात. न्हाय तर वाकडातिकडा मोडतो. असा विळीवर चिरल्यागत सरळ कोण फोडंल?"

गराच्या मधोमध एक सरळ, बारीक, काळी पट्टी होती. माझी पट्टी.

मी अण्णांना विचारलं, "खुर्चीत बसलं की तुम्ही संगणकावर काय उघडता?" ते आढेवेढे घ्यायला लागले. शेवटी कळलं ते असं. हॉलमधे एक कॅमेरा लावलेला होता आणि तो त्याच संगणकाला जोडलेला होता. शमशादभाभींचं ताट यंत्रावर आलं, की अण्णा हटकून तो कॅमेरा उघडायचे, बाई आता टेबलावर काय करतेय ते बघायला. तो म्हातारा संगणक हॉलचं चित्र दाखवण्यात गुंतला, की आमच्या पट्ट्या घ्यायला त्याला उशीर व्हायचा. वेळ पक्की, घेणारा जागेवर नाही. पट्टी गळायची, तिथं माझा काळा रंग बसायचा, आणि यंत्राच्या लेखी एका आख्ख्या काजूचे दोन तुकडे व्हायचे. तुकडे वाढले की अण्णांचा संशय वाढायचा. संशय वाढला की ते जास्त वेळ बघायचे. जास्त बघितलं की जास्त फुटायचे. इतर बायकांकडं ते बघत नव्हते, म्हणून त्यांचे काजू आख्खे राहिले.

हे सगळं माझ्या डोक्यात लख्ख झालं. अण्णांना मी म्हटलं, "जरा तपासून सांगते," आणि अंगणात जाऊन दादांना फोन केला.

दादांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "फाईल किती वेळात बदलतीया?"

"तीन मिनिटं."

"मग बदला की. च्या पीत पीत बदला. चूक झाली म्हणून कशाला बोंब मारायची? तीन कारखाने मशिन बघायला येणार हायत मॅडम. तुमचं बी नाव जाईल, माझं बी."

इतकी वर्षं ज्या सोयीवरून मी भांडले, ती त्या दिवशी माझ्याच कामाला आली. फाईल बदलली, वायर उपसली, परत खुपसली. चिप नव्यानं जागी झाली, कालचं तिला काही आठवत नव्हतं. पहिली पद्धत लागली, काळ्या पट्टीची ओळ गेली, पट्टा थोडा हळू केला. अण्णांनी खुर्चीत बसून हवा तेवढा कॅमेरा बघावा, चित्र अडखळेल पण आकडा बदलणार नाही. भाभींचं ताट ओतलं. चार.

मग मी कंपनीच्या कागदावर लिहिलं: "यंत्राची तपासणी करण्यात आली. आवश्यक ती सुधारणा करण्यात आली. यंत्र समाधानकारक चालत आहे." असल्या वाक्यांत कोणी काय केलं ते कधीच सापडत नाही. म्हणून तर ती लिहितात.

निघताना भाभी दारात उभ्या होत्या. "काय निघालं मॅडम?"

"झालं भाभी. आता नीट दाखवेल."

"आता नीट दाखवंल म्हंजी? आधी?"

मी घड्याळात बघितलं, एस.टी.ची वेळ झाली म्हणाले आणि चालायला लागले. मी गाडीनं आले होते. आवारात सगळ्यांना दिसेल अशी उभी होती. आयुष्यात मला स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती, आणि तरी मी थांबले नाही.

पुढचा फोन अण्णांचा. "मॅडम, चमत्कार! शमशाद सुधारली! यादीत नाव लावलं, दम दिला, तवा माणूस सुधारतंय बघा. तुकडा न्हाईच!" म्हणजे चूक मी दुरुस्त केली आणि श्रेय शिस्तीला गेलं. ती लाल शाईची यादीही अण्णांनी भिंतीवरच ठेवली होती. शमशाद आधी काय होती आणि आता काय झाली, ते बायकांना रोज दिसायला हवं, हा त्यामागचा विचार. आणि आता शमशादचा सत्कार ठेवला होता. आपल्याकडं माणसाला कशाचंही शाल-श्रीफळ देतात, पण न केलेला गुन्हा सोडून दिल्याबद्दल सत्कार मी पहिल्यांदाच ऐकला. प्रमुख पाहुणी मी.

दादा खुशीत होते. इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याबरोबर आले, कारण बघायला येणारे तिन्ही कारखानदार तिथं असणार होते. हॉलमधे खुर्च्या मांडल्या होत्या. अण्णांनी भाषण केलं. शिस्त, तंत्रज्ञान, पुन्हा शिस्त. मग शमशादभाभींचं नाव पुकारलं. त्या पुढं आल्या. शाल माझ्या हातात दिली होती, मी ती उलगडली.

भाभींनी हात आडवा धरला. "थांबा. आधी एक सांगा. मी सुधारले म्हणतेत, तर मी आधी फोडत हुते का?"

अण्णा हसत म्हणाले, "झालं गेलं सोड की आता."

"तुमास्नी न्हाय, मॅडमना इचारते." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "मशिन तुमी केलंय. तुमास्नी ठावं हाय. सांगा."

दादा माझ्या कानाशी पुटपुटले, "मॅडम, शाल घाला अंगावर."

मी शाल घडी करून खुर्चीवर ठेवली. म्हणाले, "नाही. भाभींनी कधीच जास्त फोडले नाहीत. यंत्र चुकत होतं. यंत्राची चूक म्हणजे माझी चूक. मागच्या वेळी मला ती सापडली होती, आणि मी सांगितली नाही."

कोणी टाळ्याबिळ्या वाजवल्या नाहीत. तीन कारखानदारांपैकी एक उठून पाणी प्यायला गेले, ते परत आलेच नाहीत. दादांचा चेहरा काजूच्या टरफलाच्या रंगाचा झाला. अण्णांना कॅमेऱ्याचं सांगितलं तेव्हा ते इतकंच म्हणाले, "मालकानं बघायचं बी न्हाय व्हय?"

भाभी मात्र हलल्या नाहीत. "तोंडी नको," त्या म्हणाल्या. "मागं कागदावर लिवलंतं, आता बी कागदावर लिवा. आमाला कळंल असं."

मी समारंभाच्या पत्रिकेच्या पाठीमागं लिहिलं: "मी या यंत्रात चुकीची पद्धत लावली. त्यामुळे शमशाद यांच्या ताटातले आख्खे काजू यंत्राने तुकडे म्हणून मोजले. त्यांचा काही दोष नव्हता." खाली सही केली. भाभींनी चष्मा सावरून अक्षर अक्षर वाचलं. म्हणाल्या, "ही वाकडी रेघ कुणाची ते कसं कळायचं? नाव लिवा. मोठ्ठं."

मी नाव लिहिलं. मोठ्ठं, लाल शाईत, कारण कारकुनानं पुढं केला तो पेन नेमका लाल निघाला.

भाभी भिंतीकडं गेल्या, खिळ्यावरची यादी काढली आणि तिथं माझा कागद अडकवला. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "माझं नाव हितं सव्वा म्हयना हुतं. तुमचं बी सव्वा म्हयना ऱ्हाऊ दे."

अण्णांनी कागदाला हात लावला नाही. भाभींसारखे साल काढणारे हात दुसऱ्या कोणाकडं नाहीत, हे त्यांनाही माहीत होतं. भाभी टेबलावर आपल्या जागी जाऊन बसल्या, आणि बाकीच्या बायकाही कामाला लागल्या. सत्काराचा चहा कोणी घेतला नाही.

पुढं महिनाभर माझं आणि दादांचं फक्त कामापुरतं बोलणं होतं. मग एक दिवस ते माझ्या टेबलाशी आले, उगीच वायरी खालीवर केल्या आणि म्हणाले, "मॅडम, अण्णांना सांगून तो कागद काढायला लावू का? येणारंजाणारं वाचतंय. बरं दिसत न्हाय."

मी कॅलेंडरकडं बघितलं.

"नको," म्हटलं. "अजून आठ दिवस आहेत."